हॉटेल वाढवायचंय

“अक्का, तुम्ही परत फोटोत आलात.”

“अगं, उशीचं टोक दुमडलंय. तेवढं सरळ करते आणि जाते.”

सकाळपासून हे असंच चाललं होतं. मी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ घासत, स्टँडवर कॅमेरा लावून, एक डोळा मिटून उभी. सगळं जमून आलेलं असायचं. ऊन बरोबर पलंगाच्या पायथ्याशी, चादरीवर एक सुरकुती नाही, पडदा जागच्या जागी. बटण दाबणार तोच समोर पद्माक्कांचा हिरवा पदर. कधी उशी, कधी पडदा, कधी नुसतंच ‘बघू गं, कसं दिसतंय’. मी त्यांना हाताला धरून बाहेर सोडावं आणि त्यांनी दुसऱ्या दारानं परत यावं.

गोष्ट पन्हाळ्यावरची आणि बरीच जुनी आहे. तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालायचा जमाना होता आणि फोटो कसा आलाय ते कळायला घरी जाऊन अंधारात रोल धुवावा लागायचा. कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या वडिलांचा देशिंगकर फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, मुंजी, लग्नं, शाळांचे ग्रुप. लग्नांचे अल्बम करून करून मला नवरदेव या जातीचाच वीट आला होता. मला जाहिरातीचं काम करायचं होतं. बाबा म्हणायचे, “मीनल, ती कामं पुण्या-मुंबईची. आपण आपलं अक्षता पडताना बटण दाबावं.” त्यात भूपालआण्णा मगदुमांचा फोन आला, आणि तो मी उचलला.

मगदूम आण्णांचं गडावर ‘हॉटेल पद्मावती’ होतं. खाली जेवणाचा हॉल, वर राहायच्या खोल्या. नाव देवीचं की बायकोचं, म्हणजे पद्माक्कांचं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं पाहुण्यांना गड दाखवायला न्यायचो तेव्हा जेवायला तिथेच, त्यामुळे बाबांची त्यांची जुनी ओळख. फोनवर म्हणाले, “हॉटेल वाढवायचंय. छापील पत्रक काढून पुण्या-मुंबईला पाठवायचं म्हणतोय. आतले झकास फोटो पाहिजेत. बाबांना पाठवून दे.” बाबांचा गुडघा सुजलेला होता. मी म्हटलं, मी येते. त्यांनी आधी गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, “ये. पण खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसली पाहिजे.”

आता तुम्हाला सांगते, हॉटेलच्या खोलीचा फोटो काढणं म्हणजे बारा आणे काम आवराआवरीचं. खोलीत माणूस राहायला आला की ज्या वस्तूंवाचून त्याचं चालत नाही, त्या सगळ्या आधी बाहेर काढायच्या. प्लॅस्टिकची बादली बाहेर. दोरी बाहेर. गेल्या साली दिलेलं खताच्या कंपनीचं कॅलेंडर बाहेर. मग चादर पलंगावर घालूनच तिच्यावर इस्त्री फिरवायची, फाटका पडदा मागनं टाचण्यांनी आवळायचा, फरशीवर ओलं फडकं मारायचं म्हणजे चमक येते. हे मी कुणाकडून शिकले नव्हते. एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं आणि पन्हाळ्यावर येऊन जन्मभर हेच करत असल्यासारखा आव आणला होता.

आण्णांनी माझ्या सगळ्या हुकमांना माना डोलावल्या. फक्त पाट्या काढायला तयार होईनात. त्या पाट्यांचं एक प्रकरणच होतं. ‘बंद’ हा शब्द आण्णांच्या हॉटेलात चालत नसे. धंद्याच्या जागी असला अपशकुनी शब्द बोलू नये, लिहू तर मुळीच नये, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. म्हणून दुसरीकडे ‘दिवे बंद करून जावे’ लिहितात तिथे ‘दिवे मालवून जावे’. आणि एका न्हाणीतला गरम पाण्याचा नळ बिघडला होता, त्याच्यावर पाटी होती, ‘नळ विश्रांती घेत आहे’. मी म्हटलं, “आण्णा, ही पाटी पुण्याच्या माणसानं बघितली तर हसेल.” ते म्हणाले, “हसू दे की. हसलेला माणूस खोली घेतोय.”

परीक्षांचे दिवस होते, त्यामुळे वरच्या खोल्या रिकाम्याच होत्या. काम झकास चाललं होतं, पण नवराबायकोचं मला काही गणित लागेना. आण्णांना सगळं छानछोकीचं पाहिजे होतं. त्यांनी खास कोल्हापुरातनं प्लॅस्टिकची द्राक्षं आणली होती. ती काचेच्या बशीत घालून ते स्वतः माझ्या पुढे पुढे एकेका खोलीत नेऊन मांडायचे, म्हणजे पत्रकात प्रत्येक खोलीत तीच द्राक्षं. अक्कांना मात्र भलतंच पाहिजे. त्या मला कानात सांगायच्या, स्वैपाकघराचा एक काढ. मोरीचा काढ. जिन्याखालच्या बरण्यांचा काढ. मी म्हटलं, “अक्का, पत्रकात मोरी कोण बघणार?”

“पत्रकाला कोण देतंय? मला पाहिजे,” अक्का म्हणाल्या. “आता काय, वाढवायचंच आहे.”

मला वाटलं, वाढवताना स्वैपाकघर पाडणार असतील, म्हणून आठवणीला हवा असेल फोटो. रोल संपत आला होता तरी मोरीचा एक काढला.

आणि खूष तर इतक्या होत्या. साठीची बाई, पण जिन्यावरनं चढउतार करताना गुणगुणायच्या. आण्णाही मला कौतुकानं म्हणाले, “बघितलंस? वाढवायचं म्हटल्यापासनं मंडळींचा पाय जमिनीवर न्हाई. मोठी पातेली देवळाला देऊन टाकली बघ. नवी घ्यायची असतील. बायकांना काय, निमित्त पाहिजे.” आण्णांच्या हनुवटीवर पांढरी खुरटी दाढी होती, ती ते असं बोलताना कुरवाळायचे. संसार करावा तर असा, असं मला वाटून गेलं. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं.

दुपार पार कलल्यावर हॉलमध्ये आण्णा आणि मी जेवायला बसलो. आण्णा भरभर जेवले आणि द्राक्षांची बशी घेऊन पुढच्या मोठ्या खोलीत गेले, कारण तिचा फोटो पत्रकाच्या पहिल्या पानावर जायचा होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मागच्या अंगणात चार माणसं येणार होती, दस्तगीर मिस्त्री येणार होता, नारळ वाढवायचा होता. त्याआधी फोटो उरकायचे होते. मी मात्र निवांत जेवत होते, कारण अक्कांची झुणक्याची वाटी सोडून उठणं कुणालाच जमायचं नाही.

अक्का उभ्याच. ताटात काय संपतंय तिकडे नजर. मी म्हटलं, “बसा की तुम्ही पण. मी घेते माझं माझं.”

“सवय नाही गं. लग्न होऊन आले ती हातात पळी घेऊनच. सासऱ्यांच्या खाणावळीत वाढलं, इथं वाढतेय. मला कुणी पाटावर बसवून वाढलं ते शेवटचं बाळंतपणात, माझ्या आईनं.” बोलताना त्या अजिबात कुरकुरत नव्हत्या, हसत होत्या. “पण आता झालं. एकदा हॉटेल वाढवलं की मी कुणाला वाढणार नाही.”

“आण्णा माणसं ठेवणार असतील,” मी म्हटलं.

“माणसं कशाला? शिरढोणला आम्ही दोघंच असणार.”

माझा घास हातात राहिला. शिरढोण हे त्यांचं गाव, तिकडे पंचगंगेकाठी. तिथे त्यांचं घर होतं हे मला माहीत होतं, पण हॉटेल वाढवायचं पन्हाळ्यावर आणि राहायचं शिरढोणला, हे मला कळेना. अक्का आपल्या सांगतच होत्या. जावेला निरोप धाडलाय, घर झाडून सारवून घे म्हणून. नांदणीच्या जैन मठात महाराजांचा चातुर्मास असला की रोज प्रवचनाला जायचं, पहिल्या रांगेत बसायचं, मध्येच उठून यायचं नाही. अंगणात वांगी लावायची. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि भांडी पालथी घालायची, मग कुणीही येऊ दे.

“अक्का,” मी अगदी सावकाश विचारलं, “हॉटेल वाढवायचं म्हणजे काय करायचं?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शिकलेली पोर आणि एवढंही कळू नये. मग जवळ येऊन आवाज खाली करून म्हणाल्या, “रात्री दुकान वाढवतात ना, तसं. पण हे कायमचं. तो दुसरा शब्द तोंडानं बोलू नये बाळ.”

देवा रे देवा. आपल्या भाषेनं तरी असा उच्छाद का मांडावा? बांगडी फुटली की वाढवली, नारळ फोडला की वाढवला, दुकानाला कुलूप लावलं की दुकान वाढवलं. वाईट म्हणून बोलायचं नाही, आणि चांगलं बोलायला गेलं तरी शब्द तोच. आण्णा वाढवणार होते ते खोल्या. अक्का वाढवणार होत्या ते आख्खं हॉटेल. आणि दोघं एकाच छपराखाली, एकच शब्द उच्चारत, एकमेकांकडे बघून हसत होते.

मी विचारलं, आण्णा तुम्हाला नेमकं काय म्हणाले होते? अक्कांना ते पाठ होतं. एका संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर, गल्ल्यापाशी बसून ते म्हणाले, पद्मा, हॉटेल वाढवायचं म्हणतोय, तुझं काय मत? “मी म्हटलं, वाढवा. आणखी काय बोलणार? माझे डोळेच भरून आले. इतकी वर्षं मनात होतं, पण त्यांच्या जिवाला लागेल म्हणून बोलले नव्हते. ते आपणहून बोलले. मिस्त्री येऊन मापं घेऊन गेला, म्हणजे गिऱ्हाईकही बघितलंय जागेला; विटा, पत्रक, सगळं त्या नव्या मालकाचंच. आज चार माणसांना बोलावलंय ते निरोपालाच असणार. म्हणून म्हटलं, तू आलीयास तर घे काढून सगळीकडचे फोटो. कितीही झालं तरी आयुष्य गेलंय इथं.”

मी ताटावरनं उठले. झुणका तसाच राहिला, ह्यावरनं काय ते समजा.

अक्कांना सांगायचं धाडस मला झालं नाही, खोटं कशाला बोलू. त्यांचा तो चेहरा बघून कुणालाच झालं नसतं. पण ऊन उतरत आलं होतं. अर्ध्या-पाऊण तासात अंगणात माणसं जमणार, मिस्त्री चार खोल्यांची आखणी करणार, आणि बाईला चारचौघांत कळणार की आपण समजत होतो ते काहीच होणार नाही, उलट वाढायला आणखी चार खोल्यांची माणसं येणार. मी जिना चढून मोठ्या खोलीत गेले. आण्णा द्राक्षांचा घोस बशीत या अंगावरनं त्या अंगावर करत होते. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

आधी ते हसले. खो खो हसले, खोकला येईपर्यंत हसले. ‘धचा मा’ झाला म्हणून मांडीवर थाप मारली. मला बरं वाटलं. मग हळूहळू हसू उतरत गेलं.

“म्हणजे ती गाणं म्हणत होती, ते…”

“हो.”

“आणि पातेली?”

“ती कायमचीच दिली, आण्णा.”

ते मटकन पलंगावर बसले. मी दोनदा इस्त्री केलेली चादर होती ती, पण बोलले नाही. खिडकीतनं समोर जोतिबाचा डोंगर दिसत होता, तिकडे बघत बसले. मग म्हणाले, “मी सहज विचारलं होतं गं. माझं तरी कुठं एवढं मनात होतं? पण वाढवा म्हणाली आणि डोळ्यात पाणी आलं तिच्या. मला वाटलं, हिला एवढी हौस असेल तर करूच. तिच्या आनंदावर मी मिस्त्रीला बोलावलं, पत्रक काढायला निघालो.” दाढी कुरवाळायला गेलेला हात तसाच हनुवटीवर राहिला. “इतक्या वर्षांत तिला इतकं खूष बघितलं नव्हतं. आणि कशानं झाली खूष, तर ह्यातनं सुटायचं म्हणून.”

मला रडायला यायला लागलं. मी विचारलं, आता काय करणार? आण्णांनी उठून चादर हातानं सारखी केली, जमेल तशी. “तू फोटो काढ. ऊन जाईल,” म्हणाले आणि खाली गेले.

तो फोटो मी काढला.

अंगणात गेले तर माणसं जमलेली. शेजारच्या दुकानातले चौगुले, पोस्टातले एक-दोघं, आणि दस्तगीर मिस्त्री. मिस्त्री हाताखालच्या माणसाला चुन्याची फक्की भरलेला डबा धरायला लावून दोरी सोडत होता. अक्का ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात हळदकुंकू, नारळ आणि प्रत्येकाला एकेक लाडू. चौगुले पुढे झाले आणि म्हणाले, “वहिनी, हॉटेल वाढवताय, आनंद वाटला.”

“आनंद तर आहेच,” अक्का म्हणाल्या, “पण शेजार चांगला होता. तुमची आठवण येईल बघा.”

चौगुल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मी कुठं चाललोय?” त्यांनी पोस्टातल्या माणसाला विचारलं. त्याला तरी काय माहीत. मी कॅमेरा छातीशी धरून आण्णांकडे बघत होते. ते मिस्त्रीच्या दोरीकडे बघत उभे होते. मिस्त्रीनं नारळ हातात घेतला आणि म्हणाला, “मालक, वाढवू का?”

“थांब,” आण्णा म्हणाले. घसा साफ केला. “मंडळी, सगळे आलाय म्हणून सांगतो. मृगापासनं दसऱ्यापर्यंत हे हॉटेल बंद.”

चौगुल्यांनी लाडू तोंडापाशी नेला होता तो खाली घेतला. त्या माणसाच्या तोंडून तो शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता.

“अहो,” अक्का ताटासकट पुढे आल्या, “काय बोलताय? वाढवायचं म्हणावं. तिन्हीसांजेला असलं तोंडातनं काढू नये.”

“नको, पद्मा. त्या शब्दानं लई घोटाळा केलाय. बंद म्हणजे बंद. कडी, कोयंडा, कुलूप. दर पावसाळ्यात. तू शिरढोणला राहायचं, प्रवचनाला जायचं. मी पण येणार.”

(पत्रकातही मग ती ओळ आली, ठळक टायपात, छापखान्यातल्या कंपॉझिटरला दोनदा बजावून. ते पत्रक बाबांनी स्टुडिओच्या काचेत लावलं आणि त्यावरनं मला आणखी तीन हॉटेलं मिळाली. पण ते पुढचं.)

अक्का गोंधळल्या. त्यांनी विचारलं, “आणि दसऱ्यानंतर?”

आण्णा खोटं बोलू शकले असते. चार माणसांत नंतर बघू म्हणून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. सरळ सांगितलं, की मी वाढवायचं म्हणालो ते खोल्या, मागच्या बाजूला चार, आणि तू ऐकलंस ते दुसरं, आणि तुझी काही चूक नाही, मीच नीट बोललो नाही.

अक्का ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरनं सगळं एकेक करून जाताना मला दिसलं, वांगी, अंगण, पालथी घातलेली भांडी. मला बघवेना. मी खाली मान घातली. मग त्यांचा आवाज आला, “म्हणजे मी पातेली देऊन बसले.”

चौगुले हसले. त्यांना आवरलं नाही, बिचाऱ्यांना. मग पोस्टातली माणसं हसली, आण्णा हसले, आणि अक्का हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या, ते बराच वेळ पुसतच राहिल्या. आण्णा जवळ जाऊन नुसते उभे राहिले. पाठीवर हात ठेवावा असं त्यांना वाटत असणार, पण माणसं होती.

डोळे कोरडे झाल्यावर अक्कांनी ताट विटांच्या ढिगावर ठेवलं. पदर खोचला. तो पदर खोचताना मी ओळखलं की आता काहीतरी होणार.

“पावसाळ्यात बंद,” त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला आणि जड गेला नाही त्यांना. “आणि दसऱ्यानंतर मी काय करायचं ते मी सांगीन. स्वैपाकाला काय करायचं ते मी बघीन. मसाला माझ्या हातचा. पण वाढायला मी नाही. वाढायला माणूस पाहिजे.”

“ठेवू,” आण्णा म्हणाले.

“दोन.”

“बरं, दोन.”

“आणि चार खोल्या नाहीत. आहेत तेवढ्यांच्या चादरी धुवून माझे हात झिजलेत.”

आण्णांनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री दोरीचं टोक हातात धरून, दुसऱ्या हातात नारळ, असा मघापासून ताटकळला होता. “मग मी बांधू काय?” तो म्हणाला. “सिमिट आणून टाकलंय. माणसं सांगितलीयत.”

“एक खोली बांध,” अक्का म्हणाल्या.

“एक? मग पाटी किती नंबराची?”

“तिला नंबर नाही. ती गिऱ्हाईकाला द्यायची नाही. आमची आहे.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळपासून मी सगळं हॉटेल पालथं घातलं होतं, एकेका पलंगाखाली वाकून बघितलं होतं, आणि ह्या दोघांची झोपायची खोली कुठली, हे मला दिसलंच नव्हतं. कारण ती नव्हतीच. जिन्यापलीकडच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी दोन वळकट्या होत्या, त्या मी नोकरांच्या समजले होते. हॉटेलातल्या प्रत्येक पलंगावर कुणी ना कुणी झोपून गेलं होतं, ही दोघं सोडून. आण्णांच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं. कारण त्यांनी बायकोकडे बघितलं आणि एकदम दुसरीकडे मान वळवली.

“काय मालक?” मिस्त्रीनं विचारलं.

“ती सांगेल तसं,” आण्णा म्हणाले. “नारळ फोड.”

मिस्त्रीनं नारळ दगडावर हाणला. पाणी उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौगुल्यांनी राहिलेला लाडू संपवला आणि आपल्याला नेमका कशाचा आनंद झालाय ते अजून कळलं नाही असं स्पष्ट म्हणाले. मिस्त्रीनं जागा बघून चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. मी रोलमधले उरलेले फोटो तिथेच संपवले, मोकळ्या अंगणाचे, आणि अक्का प्रत्येकात आल्या तरी एकदाही बाजूला व्हा म्हटलं नाही.

“वहिनी, खिडकी कुठल्या अंगाला काढू?” मिस्त्रीनं विचारलं. “हॉटेलकडे काढली तर कोण आलं, कोण गेलं, बसल्या जागी दिसंल तुम्हाला.”

“दरीकडे काढ,” अक्का म्हणाल्या. “हॉटेलकडे भिंत घाल. सलग.”

मिस्त्रीनं आण्णांकडे बघितलं. आण्णांनी त्याच्या माणसाच्या हातातला फक्कीचा डबा घेतला, धोतर सावरून खाली बसले, आणि हॉटेलच्या बाजूची रेघ स्वतःच्या हातानं ओढायला लागले.